‘सिली मिस्टेक’ स्वभावामुळे होते का? गणितातल्या चुका आणि पर्सनॅलिटी टाइपची भानगड

निकाल लागला की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाक्य हमखास येतं, "येतं हो त्याला सगळं, पण सिली मिस्टेक करतो." आणि हल्ली त्याच्या मागोमाग दुसरं येतं, "पर्सनॅलिटी टेस्ट करून घ्या ना, आमच्या मुलीचा टाइप कळला आणि ती का चुकते तेही कळलं." करिअर काउन्सेलिंगवाले, क्लासवाले, काही शाळासुद्धा अशा टेस्ट पॅकेजमध्ये देतात, कुणी चार अक्षरांचा टाइप सांगतं, कुणी चार स्वभावगटांपैकी एक, आणि काही जण तर चक्क बोटांचे ठसे घेऊन मुलाच्या मेंदूचा रिपोर्ट हातात देतात. (ठशांच्या प्रकाराला काडीचाही शास्त्रीय आधार नाही, तो इथेच सोडून देऊ.)

प्रश्न मात्र खरा आहे. स्वभावाचा आणि गणितातल्या चुकांचा संबंध असतो का? असतो, थोडासा असतो, पण त्या रंगीत रिपोर्टात छापलेला असतो तसा नसतो. आणि तो नेमका कुठे असतो हे कळायला आधी मुलाकडे नाही, वहीकडे बघावं लागतं.

गणित एक, चुका पाच

हे गणित घ्या. एका दुकानदारानं ८०० रुपये छापील किमतीच्या शर्टावर २५ टक्के सूट दिली, तरी त्याला २० टक्के नफा झाला, तर शर्टाची खरेदी किंमत किती? उत्तर ५०० रुपये. सूट वजा केली की विक्री किंमत ६०० येते, आणि खरेदीवर २० टक्के चढवून ६०० व्हायला हवेत, म्हणून ६०० भागिले १.२.

आता वह्या उघडा. एकीनं ६०० काढलं, खाली दोन रेघा मारल्या आणि मोकळी झाली. दुसऱ्यानं ६०० चे २० टक्के म्हणजे १२० काढले, ते वजा केले आणि ४८० लिहिलं. तिसऱ्यानं तेच १२० मिळवले, ७२०. चौथीनं ६०० भागिले १.२ अगदी बरोबर मांडलं पण दशांश चिन्हात गडबडली आणि ५० आणलं (पन्नासचा शर्ट सहाशेला विकून फक्त वीस टक्के नफा, हे तिला खटकलं नाही हा वेगळाच विषय). पाचव्यानं ५०० काढलं आणि शेवटच्या ओळीत लिहिलं, ‘नफा = ५०० रु.’

पाचही जणांना लाल फुली, आणि घरी पाचही जणांना एकच बोलणं, "लक्ष कुठे असतं तुझं?" पण या पाच चुका पाच वेगळ्या ठिकाणी झाल्यात.

ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅन न्यूमन यांनी १९७७ मध्ये नेमकं हेच मांडलं. त्यांचं म्हणणं असं की शाब्दिक गणित सोडवताना मूल पाच पायऱ्या चढतं: प्रश्न वाचता येणं, काय विचारलंय ते समजणं, त्याचं गणितात रूपांतर करणं म्हणजे मांडणी, मग आकडेमोड, आणि शेवटी उत्तर नीट लिहिणं. पहिल्या पायरीवर पाय घसरला तर पुढच्या चार येत असूनही उपयोग नाही. मेलबर्नमधल्या सहावीच्या, गणितात मागे पडलेल्या मुलांच्या चुका त्यांनी तपासल्या तर जवळपास निम्म्या चुका आकडेमोडीपर्यंत पोचायच्या आधीच झालेल्या होत्या. म्हणजे आपण पाढे घोकून घेत बसतो आणि मूल अडकलेलं असतं ‘छापील किंमत’ या शब्दाशी.

बंद पडलेली स्कूटर गॅरेजला नेली की मेकॅनिक आधी पेट्रोल बघतो, मग प्लग, मग कार्बोरेटर, क्रमानं, आणि जिथे बिघाड सापडतो तिथे थांबतो. तो तुमची रास विचारत नाही. न्यूमनची पद्धत तशीच आहे.

मग यात पर्सनॅलिटी टाइप कुठून आले?

कार्ल युंग या स्विस मानसतज्ज्ञानं १९२१ मध्ये माणसांच्या मानसिक प्रकारांबद्दल लिहिलं, अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द तिथूनच आपल्या बोलण्यात आले. त्याच्या कल्पना घेऊन अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी प्रश्नावली तयार केली, तीच आजची चार अक्षरांची, सोळा टाइपवाली टेस्ट. पुढे १९७० च्या दशकात डेव्हिड कीर्सी यांनी त्या सोळांचे चार मोठे गट केले, त्यांची आजची नावं: गार्डियन (नियम पाळणारे, शिस्तीचे), आर्टिसन (हातानं करून बघणारे, चटकन निर्णय घेणारे), रॅशनल (तर्क लावणारे) आणि आयडियलिस्ट (भावना, माणसं, अर्थ शोधणारे).

इंडोनेशियात गणित शिक्षणात संशोधन करणाऱ्यांनी न्यूमनच्या पायऱ्या आणि कीर्सीचे चार गट यांची जोडी लावली. तिथे असे ढीगभर अभ्यास आहेत आणि बहुतेकांची रीत ठरलेली: एक वर्ग घ्यायचा, मुलांना टाइपची प्रश्नावली द्यायची, प्रत्येक टाइपचं एखाद-दुसरं मूल निवडायचं, त्याला शाब्दिक गणितं द्यायची, मुलाखत घ्यायची आणि कोण कुठल्या पायरीवर चुकलं ते लिहायचं. वाचायला छान वाटतं. गार्डियन मूल पद्धत पाळतं, आर्टिसन घाईत पायऱ्या गाळतं वगैरे.

पण एका टाइपचं एकच मूल असेल तर ते गार्डियन आहे म्हणून तसं चुकलं, की त्याला तो धडाच येत नव्हता म्हणून, की त्या दिवशी झोप झाली नव्हती म्हणून, हे कळणार कसं? त्या मुलांच्या मुलाखती कामाच्या आहेत, मुलं विचार कशी करतात ते त्यातून कळतं. पण त्यावरून ‘आर्टिसन मुलं मांडणीत चुकतात’ असा नियम काढता येत नाही.

दुसरी अडचण खुद्द टाइपमध्येच आहे. माणसं दोन ढिगाऱ्यांत नसतात, बहुतेक जण मध्ये कुठेतरी असतात, थोडे बोलके थोडे घुमे. टेस्ट मात्र मधोमध रेघ मारते, त्यामुळे रेघेच्या जेमतेम अलीकडचा अंतर्मुख आणि जेमतेम पलीकडचा बहिर्मुख ठरतो, आणि खरं तर हे दोघं एकमेकांसारखेच असतात. म्हणूनच काही आठवड्यांनी तीच टेस्ट परत दिली की बऱ्याच लोकांचा टाइप बदलून येतो.

पण रिपोर्ट तर अगदी माझ्या मुलाबद्दलच लिहिल्यासारखा वाटतो!

वाटणारच. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसतज्ज्ञानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांना पर्सनॅलिटी टेस्ट दिली आणि नंतर प्रत्येकाला ‘तुझा’ रिपोर्ट म्हणून कागद दिला. किती जुळतो ते पाचपैकी मार्क देऊन सांगा म्हणाला. सरासरी आली ४.२६. आणि सगळ्यांच्या हातात एकच कागद होता, मजकूर बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला! "तुमच्यात भरपूर क्षमता आहे पण ती तुम्ही पूर्ण वापरत नाही" असं वाक्य कुठल्या आईला आपल्या मुलाबद्दल पटणार नाही, सांगा.

बरं, मग स्वभावाचा काहीच संबंध नाही का?

आहे, आणि इथून गोष्ट इंटरेस्टिंग होते. टाइपचे डबे बाजूला ठेवून स्वभावाचे गुण कमी-जास्त प्रमाणात मोजले तर थोडं काही ठोस हाती लागतं. मानसशास्त्रात आज जास्त विश्वास आहे तो पाच गुणांवर: नव्याची ओढ, चिकाटी-शिस्त, बहिर्मुखता, मिळून-मिसळून वागणं आणि पटकन अस्वस्थ होणं. या पाचांतला अभ्यासातल्या यशाशी सगळ्यात पक्का जोडलेला गुण म्हणजे चिकाटी-शिस्त. ऑस्ट्रेलियातल्या आर्थर पोरोपाट यांनी २००९ मध्ये यावरचे जुने अभ्यास एकत्र करून पाहिले, मिळून ७०,००० हून जास्त विद्यार्थी. संबंध निघाला साधारण ०.२ चा (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण). सरळ भाषेत, मुलामुलांच्या मार्कांत जो फरक पडतो त्यातला शंभरात चार-पाच टक्के भाग या गुणाशी जुळतो. शून्य नाही, पण "टाइप कळला, कारण कळलं" म्हणण्याइतका तर मुळीच नाही. आणि हे सगळ्या विषयांच्या मार्कांबद्दल आहे, कुठल्या पायरीवर चूक झाली याबद्दल नाही.

चुकांच्या जवळ जाणारं काम आणखी जुनं आहे. १९६० च्या दशकात जेरोम केगन हा मानसतज्ज्ञ मुलांना एक चित्र दाखवायचा आणि खाली त्याच्यासारखीच सहा चित्रं, त्यातलं एकच हुबेहूब. काही मुलं धाडकन बोट ठेवायची आणि चुकायची, काही सहाही चित्रं बघून मग सांगायची. उतावळी आणि सावकाश, असा हा फरक. मोठ्या माणसांसाठी याचा भाऊबंद म्हणजे शेन फ्रेडरिकचा २००५ चा बॅट-बॉलचा प्रश्न. आपल्या रुपयांत: बॅट आणि बॉल मिळून ११०० रुपये, बॅट बॉलपेक्षा १००० रुपयांनी महाग, तर बॉल केवढ्याला? तोंडात आलं ना, १००? मग बॅट ११०० ची आणि बेरीज १२००. उत्तर ५०. हे गणित चुकणाऱ्यांना वजाबाकी येत नसते असं नाही, पहिलं सुचलेलं उत्तर त्यांनी तपासलेलं नसतं. वर शर्टाच्या गणितात ६०० वर रेघ मारून थांबलेली मुलगी कदाचित यातली असेल.

आणि तिसरी गोष्ट, भीती. गणिताची भीती हा पूर्णपणे स्वभाव नाही, पटकन अस्वस्थ होणाऱ्या मुलांत ती जरा जास्त दिसते पण तिच्यात घरचं, शाळेचं, आधी खाल्लेल्या बोलण्यांचं बरंच काही मिसळलेलं असतं. ती चूक कशी घडवते हे मात्र बऱ्यापैकी स्पष्ट झालंय. मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये लोकांना काही अक्षरं डोक्यात धरून ठेवायला लावली आणि त्याच वेळी बेरजा दिल्या. भीती जास्त असलेले लोक सर्वात जास्त कुठे चुकले? हातचा असलेल्या बेरजांमध्ये. कारण हातचा घेतला की तो क्षणभर डोक्यात धरावा लागतो, आणि ती जागा "चुकलं तर काय होईल" यानं आधीच अडवलेली असते. घरी तोंडी बरोबर सांगणारं पोर पेपरात हातचा विसरतं ते यामुळे, आणि त्यावर आणखी ओरडलं की पुढच्या वेळी ती जागा आणखी कमी.

म्हणजे शांत, नीटनेटकं मूल कमी चुकणार?

घाईतल्या चुका कमी करेल. पण चुकांचा एक मोठा वर्ग असा आहे की त्याला स्वभावाशी देणंघेणंच नाही.

५२ वजा ३७ दिलं आणि मुलानं २५ लिहिलं. सातातून दोन गेले पाच, पाचातून तीन गेले दोन. त्याला कुणीतरी सांगितलंय की मोठ्यातून लहान वजा करायचं, आणि ते तो प्रत्येक घरात इमानदारीनं करतोय. पुढचं ६४ वजा २८ दिलं तर ४४ लिहील, पुढचं दिलं तर तेही तसंच. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकन संशोधकांनी १९७८ मध्ये अशा वजाबाक्यांच्या चुका कॉम्प्युटरवर तपासल्या आणि दाखवलं की यातल्या बऱ्याच चुका कशाही होत नाहीत, मूल चुकीचा नियम अगदी पक्का पाळत असतं. प्रोग्रॅममध्ये असतो तसा बग.

आता बघा, हा बग असलेलं मूल शिस्तीचं असेल तर काय होईल? सुंदर अक्षरात, समास सोडून, दहापैकी नऊ वजाबाक्या चुकीच्या सोडवेल, आणि परत तपासेल तेव्हाही त्याच नियमानं तपासेल. धांदरट मूल निदान मध्येच एखादी चुकून बरोबर सोडवेल! म्हणून "पेपर परत तपासत जा" हा सल्ला पहिल्याला शून्य उपयोगाचा.

लहान मुलांचंच हे असतं असंही नाही. ‘या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत’ हे समीकरणात लिहा, विद्यार्थी व, प्राध्यापक प. १९८० च्या सुमारास अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना हे दिलं तर ३७ टक्के चुकले, आणि चुकणाऱ्यांत जास्त करून ‘६व = प’ लिहिणारे (हवं होतं ‘व = ६प’). वाक्यातल्या शब्दांच्या क्रमानं अक्षरं मांडली की हे होतं. सगळे बहिर्मुख होते का? छे.

आमचा धांदरटच आहे हो, तुम्हाला माहीत नाही

शक्य आहे. पण ते तपासायची साधी युक्ती न्यूमनच्याच पद्धतीत आहे, आणि ती फुकट आहे. चुकलेलं गणित दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर परत द्यायचं. इशारा नाही, "नीट बघ" नाही, कपाळावर आठी नाही. तसंच सोडवून बरोबर आलं तर ती निष्काळजीपणाची चूक, मग खुशाल धांदरट म्हणा. पुन्हा तेच चुकीचं उत्तर आलं तर तो धांदरटपणा नाही, तिथे काहीतरी कळलेलं नाही.

मला विचाराल तर ‘सिली मिस्टेक’ हा शब्द आपल्याला फार सोयीचा पडतो. मूल हुशार ठरतं, शिकवणारा सुटतो, आणि शोधायचं काही उरत नाही. पर्सनॅलिटी टाइपही तीच सोय करतो, फक्त पैसे घेऊन.

अडकलेली पायरी शोधायला न्यूमनचे पाच प्रश्न आहेत, मराठीत साधारण असे विचारायचे: गणित मोठ्यानं वाच बघू. काय शोधायचंय, तुझ्या शब्दात सांग. कसं काढणार? आता करून दाखव, करता करता बोल. उत्तर काय आलं ते लिही. पोर बोलत असताना आपण गप्प बसायचं, हेच काय ते अवघड. शर्टाच्या गणितात ६०० वर थांबलेल्या मुलीला दुसरा प्रश्न विचारला आणि ती म्हणाली "शर्ट कितीला विकला ते शोधायचंय", तर ती उतावळी नाही, तिला ‘खरेदी किंमत’ म्हणजे दुकानदारानं दिलेले पैसे हे माहीत नाही. आणि "अरे हो, खरेदी राहिलीच!" म्हणाली, तर उतावळी. वहीत दोघींचं उत्तर सारखंच दिसतं.

मूल तेच, स्वभाव तोच, चूक गायब

स्वभावावर सगळं ढकलायला आणखी एक मोठी अडचण आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात भाजी वगैरे विकणारी मुलं वजन गुणिले भाव, दोन वस्तूंची बेरीज, सुटे परत, हे सगळं तोंडी आणि बरोबर करतात. त्याच मुलांना शाळेतल्यासारखी कागदावरची गणितं दिली की गडबडतात. आणि उलट, शाळेत जाणारी, बाजारात काम न करणारी मुलं कागदावर बरी पण बाजारातल्या हिशेबात अडखळतात. दोन ठिकाणी मुलाची पर्सनॅलिटी काही बदलत नाही.

आपल्याकडचं उदाहरण तर सगळ्यांना आठवत असेल, २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात तेवीसला ‘वीस तीन’ असंही वाचायला दिलं आणि राज्यभर गदारोळ झाला. विनोद खूप झाले, पण मुद्दा खरा होता: मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, त्यामुळे त्रेपन्न ऐकून ३५ लिहिणारं मूल वेंधळं असेलच असं नाही, ते कानाला आधी जे आलं ते आधी लिहितंय. उपाय पटो न पटो, चूक कुठून येते ते त्या लोकांनी बरोबर पकडलं होतं.

मग प्रत्येकाला स्वभावाप्रमाणे शिकवायचं नाही का?

‘टाइपप्रमाणे शिकवा’ हे ऐकायला छान वाटतं. त्याचाच चुलतभाऊ म्हणजे कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी करून, तर त्याप्रमाणे शिकवा. २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि इतर मानसतज्ज्ञांनी त्याचे पुरावे तपासले आणि निष्कर्ष काढला की असं वाटून शिकवल्यानं जास्त शिकलं जातं याला पुरेसा आधार नाही. भूमितीला आकृती सगळ्यांनाच लागते.

स्वभाव बघून बदलायचं ते शिकवणं नाही, पेपर सोडवायची पद्धत. घाई करणाऱ्याला उत्तराचा अंदाज आधी लिहायला लावा, म्हणजे शर्ट ५० चा आला की तो स्वतःच दचकेल. घाबरणाऱ्याला सरावाच्या वेळी घड्याळ काढून घ्या आणि हातचा डोक्यात न धरता कागदावर लिहायची सवय लावा. चुकीच्या भीतीनं कोरं सोडणाऱ्याला सांगा की बोर्डाच्या पेपरात पायऱ्यांना मार्क असतात, मांडणी लिहून ठेव. यातलं काहीही करायला टाइप लागत नाही, दोन-चार पेपर बघितले की कळतं. स्कॉलरशिपसारख्या पर्यायांच्या पेपरात मात्र रंगवलेल्या गोळ्यावरून काही कळत नाही, तिथे कच्च्या कामाचा कागद जपून ठेवा.

एका वर्गात साठ मुलं, कोण बसणार पाच प्रश्न विचारत?

हा आक्षेप सगळ्यात रास्त आहे. शिक्षकांना जनगणनेपासून खिचडीपर्यंत सगळं बघायचं असतं, त्यात प्रत्येक मुलाची मुलाखत कुठून घेणार. पण प्रत्येकाची घ्यायचीच नाहीये. गठ्ठा तपासताना फुल्या मोजण्याऐवजी चुकीची उत्तरं नुसती बाजूला टिपून ठेवली तर दिसेल की साठ मुलांची साठ वेगळी चुकीची उत्तरं कधीच येत नाहीत, चार-पाचच असतात आणि पुन्हा पुन्हा तीच. समजा वीस जणांनी ४८० लिहिलंय. त्या विसांत शांत, बडबडी, शिस्तीची, उनाड सगळी असणार, आणि सगळ्यांनी २० टक्के ६०० वर काढलेत. त्यांना दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर एकच काम द्यायचं: शर्ट ४८० ला घेतला असं धरा, त्यावर २० टक्के नफा चढवा, कितीला विकला? ५७६ येईल. मग विचारायचं, पण दुकानदाराला तर ६०० मिळाले होते, मधले २४ गेले कुठे?